उष्टी बासरी

"ऊदबेड! ऊदबेड!" असं कानडीत ओरडत विद्वान आतून आले. फुंकू नको, फुंकू नको. तोवर मी फुंकून बसले होते.

पायरीखाली अंगणात उभी होते. हातात नवी बासरी, आठ भोकांची. माल दाखवायचा तर वाजवून दाखवायचा, एवढंच मला ठाऊक. एकच सूर काढला होता. लांब, सरळ. चांगला लागला म्हणून मी जरा हसलेही होते. ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

त्यांनी शिवी दिली नाही. हातही उगारला नाही. तसला माणूस नव्हता तो. त्यांनी बायकोला हाक मारली. तिनं एक बादली आणून पायरीवर ठेवली आणि पदर सावरत मागं सरली. बादलीत गोमूत्र होतं.

"त्यात टाक."

"सामी, भिजली तर चिरंल की ती."

"टाक."

मी टाकली. बांबूच तो, तरंगला. मग ते म्हणाले, "दाब." मी दोन बोटांनी दाबून धरली. आठही भोकांतून बुडबुडे आले. माझाच श्वास होता तो, आत्ताच आत घातलेला. ते "पुरे" म्हणेपर्यंत मी वाकून, बोटं बुडवून उभी राहिले. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे थांबून बघत होते.

मग त्यांनी मला समजावलं. कानडीत, शांतपणे, मास्तर समजावतात तसं. "रागावू नको. कारागिराचा हात शुद्ध असतो असं शास्त्रात सांगितलेलं आहे. तुझा हात चालतो. तोंड चालत नाही. वाद्य उष्टं होतं."

"मग सूर कसा बघायचा, सामी?"

"ते तू बघ," ते म्हणाले आणि आत गेले.

मी बुरडाची. बेळगावच्या बुरूड गल्लीत जन्मले, त्याच गल्लीत दिली, तिथंच विधवा झाले. मानमोडीच्या साथीनं नवरा नेला तेव्हा मुलगी पोटात होती. चार घरं ओलांडून परत आप्पांकडे, माझ्या वडलांकडे आले. सुपं, बुट्ट्या, दुरड्या, पाळणे, हे आमचं काम. गावातल्या प्रत्येकाचा पाळणा आमच्याकडून जायचा आणि तिरडीही आमच्याकडूनच. आप्पा जत्रेपुरत्या बासऱ्या करायचे, सहा भोकांच्या, पोरांनी फुंकायच्या. लिहिता मला येत नाही. मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ते तिनं शाळेतल्यासारखं करून टाकलंय. करू दे.

विद्वान दक्षिणेकडचे होते, म्हैसूरच्याही पलीकडचे. बेळगावात कॅम्पाच्या अलीकडे राहायचे, कचेरीत हेडक्लार्क होते. घरी बासरी वाजवायचे, त्यांच्या मुलखाच्या रीतीची. लोक त्यांना विद्वान म्हणायचे, आम्ही सामी. त्यांची जुनी बासरी फुटली. इथं तशी करणारं कुणी नव्हतं. कुणीतरी त्यांना आमची गल्ली दाखवली. त्यांनी जुना तुकडा आप्पांपुढं ठेवला आणि अशीच कर म्हणाले. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. तो तुकडा त्यांनी बोटांनी पाहिला आणि माझ्याकडे दिला. जांबोटीच्या रानातून आणलेला, जाड सालीचा, लांब पेराचा बांबू चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगलेला होता. तापल्या सळईनं त्याला मी भोकं पाडली. ती ही बासरी, बादलीतली.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते बांबूच्या कामट्या चाचपत बसले.

"व्हय म्हणायचं न् गप बसायचं," ते म्हणाले. "त्यो शाना मानूस हाय. सूर कानानं बघत्यात."

"फुंकल्याबिगर कान काय ऐकंल, आप्पा?"

ते म्हणाले, "घरात फुंक. तितं सांगू नगं."

असा माझा खोटेपणा सुरू झाला. माझ्या बापानंच तो मला शिकवला. आप्पांना मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या बापानं काय काय शिकवलं असेल, देव जाणे.

बासरी करणाऱ्याला फुंकावंच लागतं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. एकदा चुकलं की तो बांबू चुलीत. म्हणून सळई लावली की फुंकायचं, कानस फिरवली की फुंकायचं. गल्लीत भिंतीला भिंत. कुणी ऐकलं आणि बोललं तर काम गेलं. मी डोक्यावरून वाकळ घ्यायची आणि आत फुंकायची. उन्हाळ्यातसुद्धा. घामानं निथळत, आपल्याच घरात, चोरी केल्यासारखी.

मग बासरी घेऊन जायचं. पायरीखाली उभं राहायचं. ते वरून विचारायचे, "फुंकली नाहीस ना?"

"न्हाय सामी. देवाशपथ."

एवढं बोलल्यावर बासरी त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. ते आत सुरपेटीचा भाता हलवत, एकेक सूर फुंकून बघत. उतरा वाटला की बासरी परत कट्ट्यावर. मी बाहेरून उचलायची, कानशीनं घासायची, परत ठेवायची. त्यांच्या थुंकीनं ओली झालेली बासरी मी हातात घ्यायची. त्यांचं उष्टं मला चालायचं. त्याची शपथ मला कुणी विचारली नाही.

मृदंगाचं कातडं त्यांच्या देवघरात होतं. तेही चालायचं.

आणि एवढं करूनही, शेवटी घरात ठेवून घेताना बासरी बादलीत जायचीच. घरी चोरून फुंकली नसेल कशावरून? मग पुसून गच्चीवर उन्हात. ओला बांबू उन्हात ठेवला की तो चिरणार, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. विद्वानांना कळत नव्हतं. वर्ष-सहा महिन्यांत उभी चीर जायची आणि मला बोलावणं यायचं. "तुझा बांबू हलका." मी मान खाली घालून ऐकायची. तीळतेल पाजा, सावलीत ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण बादलीचं नाव कोण काढणार? चांगल्या बासऱ्या मी करायची, ते शुद्ध करून मारायचे आणि मी परत करायची.

मग मी तिथं का जात राहिले? नातही हेच विचारते. पोटासाठी, असं सांगून टाकते मी. ते अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं त्या खिडकीत होतं.

ते वाजवायला लागले की मला त्यांच्यावर चिडता यायचं नाही. हे माझं खरं दुखणं. बादलीवर वाकलेली कंबर दुखत असायची आणि तरी खिडकीखालून उठवायचं नाही. घासायचं काम संपलं तरी मी बुट्टी विणत तिथंच बसायची. त्यांनी कधी हाकललं नाही. मी तिथं बसले आहे हे त्यांच्या खिजगणतीत तरी होतं की नाही, कोण जाणे.

त्यांच्या गाण्यात दोन गोष्टी असायच्या. एक बांधलेलं गाणं, गुरूनं दिलेलं, त्यात काना-मात्रा हलवायची नाही. आणि दुसरं, त्या गाण्याच्या आधी आणि मधे, आपल्या मनानं वाजवायचं. राग घ्यायचा आणि एकेका सुरानं उलगडत न्यायचा. पुढं काय येणार ते कुठं लिहिलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. शिष्याला ते शिकवायचे, "याला मनोधर्म म्हणतात. मनाचा धर्म. उसना घेता येत नाही." मी बाहेर बसून हे ऐकायची आणि मनात म्हणायची, सामी, यात तोंडाचं काही आलं नाही.

मला ते कळलं, याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. बुट्टीचा तळ ठरलेला असतो. तळ बांधून झाला की पुढं कामटी सांगते. एक जाड निघते, एक मऊ, एक मधेच गाठीवर अडते. तिला मोडायचं नाही, तिच्या कलानं वळवून घ्यायचं आणि तरी बुट्टी गोल व्हायला पाहिजे. ते तेच करत होते. सूर अडला की तिथं थांबायचे, त्याला झोका द्यायचे, आणि त्याच्याच अंगानं वाट काढायचे. तो झोका कशानं येतो हेही मला ठाऊक होतं, कारण त्याची सोय मी केली होती. भोकाची आतली कड मी जराशी तिरकी घासायची. बोट अर्धवट उचललं तरी सूर तुटत नाही, घसरत वर जातो. त्यांच्या जुन्या तुकड्यात ते नव्हतं. ते मी वाकळीखाली शोधून काढलं. ते लोकांना सांगायचे, बेळगावच्या हवेत माझा हात सुटला.

त्यांचा शिष्य शेखरअण्णा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्यांचा थोरला मुलगा, लग्न झालेला, मिशीवाला बाप्या. आठवड्यातून दोनदा मोटारीनं यायचा. स्वभावानं वाईट नव्हता. बांधलेलं गाणं तो बिनचूक वाजवायचा. पण मनानं वाजवायची वेळ आली की त्याची बोटं लाकडाची व्हायची. त्यानं दहा-बारा वळणं पाठ केली होती, तीच फिरवून फिरवून घ्यायचा. विद्वान कपाळावर हात मारायचे. खिडकीखाली माझी बोटं बुट्टीच्या काठावर आपोआप पुढं जायची. इथं वळू नको अण्णा, अजून थांब, गंधार सोडू नको. घरी आले की वाकळ घ्यायची आणि तो राहिलेला गंधार मी पुरा करायची. तेवढीच माझी चैन.

आप्पा गेले. मुलगी सासरी गेली. विद्वान पेन्शनीत गेले तरी बेळगावातच राहिले. बावीस वर्षं मी त्या पायरीखाली उभी राहून तेच वाक्य बोलले. न्हाय सामी, देवाशपथ. पुढं पुढं तर ते विचारायच्या आधीच माझ्या तोंडून निघायचं.

मग विद्वानांचे पुढचे दात पडले. बासरीवाल्याचे पुढचे दात गेले की ओठाला आधार राहत नाही. फुंक फाकते, सूर धरत नाही. त्यांनी महिनाभर झटून पाहिलं. मी खिडकीखाली बसून ती फसफस ऐकली. एके दिवशी ती बंद झाली. नंतर त्यांनी वाजवलंच नाही. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी त्या दिवशी जेवले नाही.

आता त्यांची सगळी आशा शेखरअण्णावर. लढाईची वर्षं होती, तंबाखूला भाव होता, निपाणीत वखारवाल्यांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला शेखरअण्णाची पहिली मोठी बैठक ठरली. कोल्हापूर, चिकोडी, धारवाडहून माणसं येणार. विद्वान शेजारी बसणार. म्हणजे गादी शिष्याला दिली, असंच ते होतं. एवढं मोठं कार्य, म्हणून आदल्या दिवशी त्याची बासरी मुद्दाम जास्त वेळ बादलीत ठेवली आणि गच्चीवर उन्हात टाकली. कार्याच्या सकाळी तिला टोकापासून टोकापर्यंत चीर गेली होती.

मोटार पाठवून मला आणवलं. घरात तीन बासऱ्या तयार होत्या, त्या घेऊन मी गेले. मोटारीत मला मागं, सामानाच्या जागी बसवलं. निपाणीत शिरलं की तंबाखूची धूळ नाकात जाते. मी शिंकत शिंकत त्यांच्या मागच्या दारी उतरले. पुढं मांडव, तोरणं, सनई. मागं वखारीची भिंत, तंबाखूची रिकामी पोती आणि मी.

शेखरअण्णानं पोत्यांपाशी येऊन तिन्ही फुंकून पाहिल्या. "तिन्ही सारख्याच की," म्हणाला आणि पाहुण्यांत गेला. त्या सारख्या नव्हत्या. एक किंचित चढी होती, एकीचा पंचम कोरडा होता. तिसरी मात्र माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बासरी होती.

तिसऱ्या प्रहरी विद्वान मागं आले. एकटे. काठी टेकत, पोत्यावर बसले. दात नसल्यानं बोलणं हवेत जायचं.

"शेखरला फरक कळत नाही," ते म्हणाले. "माझं तोंड गेलं. तू फुंकून दाखव."

मी इकडे-तिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. जीभ सवयीनं हलली. "मी फुंकत न्हाय, सामी."

ते हसले. खरंच हसले, मायेनं म्हणावं तसं. "घरी फुंकतेस. पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला. न फुंकता असे सूर येत नसतात. मला काय बासरी कळत नाही?"



बावीस वर्षं. मला वाटत होतं, मी त्यांना फसवते आहे. त्या पापाची भीती वाटायची मला. मुलीला ताप आला, आप्पा गेले, दरवेळी वाटायचं, खोटी शपथ भोवली. आणि या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी तो दरवेळी मला पायरीखाली उभी करायचा आणि विचारायचा. बासरी उष्टी आहे हे माहीत असून ओठाला लावायचा. त्याला माझ्या तोंडून ते वाक्य हवं होतं, बाकी काही नाही. मी स्वतःच माझ्या तोंडाला घाण म्हणावं, देवाची शपथ घेऊन म्हणावं, एवढं त्याला पुरत होतं.

"फुंक," ते म्हणाले. "कुणी नाही."

मी तिसरी बासरी उचलली. एक सूर काढून थांबायचं होतं, तेवढंच काम होतं. थांबले नाही. मोहनम घेतला, त्यांचाच. पाचच सुरांचा राग, लपायला जागा नाही. खालून सुरुवात केली. गंधारावर आले तिथं शेखरअण्णा नेहमी वळायचा. मी वळले नाही. थांबले. त्याला झोका दिला, परत दिला, आणि तो जिकडे कलला तिकडे गेले. पुढं काय येणार ते मला माहीत नव्हतं. अंगावर वाकळ नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्या अंगणात एक सूर काढला होता, त्यानंतर उघड्यावर, दिवसाउजेडी माझ्या तोंडाला लागलेली ही पहिली बासरी. किती श्वास होता माझ्यात! मलाच ठाऊक नव्हता.

थांबले तेव्हा विद्वानांची बोटं त्यांच्या गुडघ्यावर चालली होती. डोळे ओले होते.

"कुठं शिकलीस?"

"तुमच्या खिडकीखाली."

त्यांनी मान हलवली. "हा मनोधर्म आहे. शिकवून येत नाही. शेखरला दहा वर्षं शिकवतोय, त्याला आला नाही. तुला आला." मग हात पुढं केला. मी बासरी दिली. त्यांनी ती पुसली नाही. तशीच धरली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बादली विसरले. हा माणूस आता उठेल आणि चार लोकांत हेच सांगेल, असं मला वाटलं. तेवढ्यापुरती मी येडी झाले.

तेवढ्यात शेखरअण्णाची आई आली, हातात गोमूत्राचा तांब्या. मागं घरातल्या बायका, भटजी, दोन-चार पाहुणे. शेखरअण्णाही. बासरी देवापुढं न्यायची वेळ झाली होती. आई लांबच थांबली.

"फुंकली न्हाईस न्हवं गं?"

मी विद्वानांकडे पाहिलं. बासरी त्यांच्या हातात होती. माझी ओल अजून वाळली नव्हती. त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं, "सांग. नेहमीसारखं सांग."

सांगायला काय लागत होतं? तीन-चार शब्द. तोंडात तयार होते. सांगितलं असतं तर बासरी देवापुढं गेली असती, बैठक झाली असती, मला जेवायला मिळालं असतं आणि काम चालू राहिलं असतं. मी थकले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला शूर वगैरे काही वाटलं नाही. ते वाक्य परत उचलायची ताकद संपली होती, एवढंच.

"फुंकली," मी म्हटलं. "आत्ता फुंकली, यांच्या म्होरं. न् ह्याच्या आदीच्या समद्या फुंकल्या. बावीस वर्सं मीच फुंकतोय. तुमचं सामी माझंच उष्टं वाजवित आल्यात. न् त्यास्नी ते ठावं हाय."

कुणीतरी "अगं बाई" केलं. तांब्या कलंडला. विद्वानांच्या हातातून बासरी खाली गेली. पडली की टाकली, ते मला अजून सांगता येत नाही.

"सामी, बोला की," मी म्हटलं. "आत्ता माझं ऐकलासा. काय म्हनलासा मला, ते सांगा यास्नी."

ते काठी धरून उभे राहिले. "मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले.

सगळा जन्म कानावर काढलेला माणूस. म्हणाला, मी काही ऐकलं नाही.

मी खाली वाकले. बासरी उचलली, पदराला माती पुसली आणि मागच्या दारानं निघाले. कुणी अडवलं नाही. अडवायचं तर शिवावं लागलं असतं. मोटार स्टँडवर बसून राहिले, संध्याकाळची गाडी धरून बेळगावला आले. बैठक झाली म्हणे. चिरलेल्या बासरीला मेण लावून, दोरा गुंडाळून. शेखरअण्णानं बांधलेली गाणी वाजवली आणि मनोधर्माच्या जागी पाठ केलेली वळणं घेतली. लोकांनी वा वा केलं.

निपाणीच्या वखारींत आमच्या गल्लीच्या बुट्ट्या जायच्या. त्या बंद झाल्या. एकट्या माझ्या नाही, सगळ्यांच्या. गल्ली माझ्यावर उठली. थोरल्या काकांनी सगळ्यांपुढं मला विचारलं, "येवढ्या वर्सांत जड झालं न्हाय, न् त्याच दिवशी येक वाक्य जड झालं व्हय गं तुला?"

"व्हय काका," मी म्हटलं. "लई जड झालं."

दोन पावसाळे आमचे वाईट गेले. शहापूर-वडगावच्या मागवाल्या विणकरांना सूत गुंडाळायच्या कांड्या करून दिल्या, तिरड्या बांधल्या. गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या चुली माझ्यामुळं थंड झाल्या होत्या.

मग एका दुपारी शेखरअण्णा स्वतः गल्लीत आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. "विद्वान म्हणालेत, बासरी दे. शपथ नको, काही विचारणार नाही. तू फक्त काही बोलू नकोस. वखारीचंही काम परत देतो."

"तुमच्या म्होरं फुंकून दिली तर न्हेशीला?"

त्यानं गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. "दे. मी बघितलं नाही असं समजू."

"न्हाय अण्णा. बघा. डोळं उघडं ठिवून बघा, मग न्या."

तो गेला. आतून काका ऐकत होते. त्यांनी मला शिवी दिली, मी ऐकून घेतली. पुढच्या वर्षी विद्वान वारले. मी रडले. त्याची मला लाज नाही. त्यांच्याइतकं गोड वाजवणारं मी दुसरं कुणी ऐकलं नाही. पण त्यांनी मला माफ करा म्हटलं नाही आणि मीही त्यांना माफ केलेलं नाही.

आता झेंडा बदलला आहे. शाळेत पेढे वाटले, नातीनं एक माझ्यासाठी आणला. त्याच आठवड्यात खादीची टोपी घातलेले एक मास्तर बासरी घ्यायला आले. आता सगळे सारखे, कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, असं बरंच बोलले. जाताना बासरी हातात फिरवून हळूच म्हणाले, "बाई, ही कोरी आहे ना?"

मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

माझं वय झालंय. कंबर धरते, सळई धरताना हात कापतो. कुणाचं मन वळवायची मला हौस उरलेली नाही. पण रीत मी ठरवली आहे आणि ती मरेपर्यंत बदलणार नाही. बासरी न्यायला जो येईल त्याला दारात थांबावं लागतं. मी उंबऱ्यावर बसते आणि त्याच्या डोळ्यांदेखत आधी मी वाजवते. एक सूर काढून सोडत नाही. राग घेते, मनात येईल तसा नेते, माझं पुरं होईतो. घाई असेल त्यानं जावं. निम्मे जातात. जो थांबतो त्याच्या हातात देते. ती ओली असते. फडकं माझ्या मांडीवरच असतं. मी पुसून देत नाही.